‘अपघात झाला’ : अपघातविषयक इंग्रजी शब्दसंग्रहाच्या अध्यापनाची समीक्षा (वागळे इस्टेटच्या संदर्भात)

प्रस्तावना

परभाषा शिकविताना विषयवार शब्दसूची देण्याची पद्धत जुनी आहे. फळे, भाज्या, नातेसंबंध, दवाखाना, प्रवास आणि याच ओळीत ‘अपघात’ असे विभाग पाडले जातात. डाव्या बाजूस इंग्रजी शब्द, उजव्या बाजूस स्वभाषेतील प्रतिशब्द आणि क्वचित एखादे उदाहरणवाक्य असा त्यांचा साचा असतो. फार्सी भाषक विद्यार्थ्यांसाठी, मराठी भाषकांसाठी किंवा अन्य कोणासाठी तयार केलेल्या सूचीत हा साचा फारसा बदलत नाही. फळांच्या बाबतीत त्याने विशेष बिघडत नाही. आंब्याला इंग्रजीत काय म्हणतात, हे कळले की काम भागते. अपघाताचा शब्दसंग्रह मात्र या जातीचा नाही. तेथे शब्दाची निवड म्हणजे घडलेल्या गोष्टीची जबाबदारी कोणावर ठेवायची याविषयीचा निर्णय असतो. प्रस्तुत लेखात या शब्दसूचींच्या पद्धतीची चिकित्सा करावयाची आहे. त्यासाठी ठाण्याच्या वागळे इस्टेटचा संदर्भ घेतला असून फार्सी, मराठी आणि इंग्रजी या तीन भाषांतील अपघातवाचक शब्दांची तुलना केली आहे.

वागळे इस्टेट निवडण्यास कारण आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली आणि त्याच्या अगदी आरंभीच्या औद्योगिक क्षेत्रांत वागळे इस्टेटची गणना होते. १६ नंबर, २२ नंबर अशा क्रमांकांनी ओळखले जाणारे येथील रस्ते, त्यांच्या कडेची अभियांत्रिकी वर्कशॉप, शेजारच्या किसननगर, इंदिरानगर, श्रीनगर यांसारख्या वस्त्या आणि अलीकडे कारखान्यांच्या जागी उभी राहिलेली माहिती-तंत्रज्ञान क्षेत्राची कार्यालये, असा हा परिसर आहे. पलीकडे मुलुंड चेकनाका, अलीकडे तीन हात नाका आणि पूर्व द्रुतगती महामार्ग. यंत्रावरचा, रस्त्यावरचा आणि लोकलगाडीचा असे तीनही प्रकारचे अपघात येथील माणसाच्या रोजच्या बोलण्यात असतात. येथे मराठी, हिंदी आणि गुजराती बोलली जाते आणि कागद मात्र पुष्कळदा इंग्रजीत भरला जातो. आपल्या महाविद्यालयांत येणारे अनेक विद्यार्थी याच घरांतून येतात. घरातील कोणाला दुखापत झाली, तर इंग्रजी अर्ज भरण्याचे काम त्या घरातील शिकणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे येते. म्हणून हा प्रश्न केवळ भाषाशास्त्राचा राहत नाही.

शब्दांचे आप्त आणि परके

मराठीत आज ‘अपघात’ हा शब्द जितका सहज वापरला जातो, तितका तो शेजारच्या भाषांत चालत नाही. गुजरातीत ‘आपघात’ म्हणजे आत्महत्या. आपण ज्याला अपघात म्हणतो त्याला गुजराती माणूस ‘अकस्मात’ म्हणतो. मराठीत ‘अकस्मात’ हे एकाएकी या अर्थाचे क्रियाविशेषण आहे. हिंदी भाषक ‘दुर्घटना’ किंवा ‘हादसा’ म्हणतो. मराठीत ‘दुर्घटना’ हा शब्द सामान्यतः मोठ्या, अनेकांना ग्रासणाऱ्या प्रसंगासाठी राखून ठेवलेला असतो. एका दुचाकीस्वाराचा अपघात होतो. इमारत कोसळते किंवा कारखान्यात स्फोट होतो तेव्हा दुर्घटना घडते. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ-डायघर परिसरातील लकी कंपाउंड येथील इमारत कोसळून ७४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा मराठी लेखनात ‘दुर्घटना’ हाच शब्द रूढ झाला. डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रात २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांबाबतही तेच घडले. म्हणजे एका शेडखाली काम करणारे मराठी, हिंदी आणि गुजराती भाषक एकाच प्रसंगाला तीन नावे देतात, आणि त्यांतील एक नाव शेजारच्याच्या कानाला आत्महत्येसारखे ऐकू येते.

फार्सी भाषेकडे वळल्यास आणखी एक गोष्ट लक्षात येते. मराठी माणसाच्या अपघातानंतरच्या कागदपत्रांची भाषा मोठ्या प्रमाणात फार्सी-अरबीतून आलेली आहे. फिर्याद, जबाब, जखमी, मयत, गुन्हा, नुकसान, वारस, जामीन, इजा हे शब्द त्या वाटेने आले. ‘पंचनामा’तील ‘नामा’ आणि ‘साक्षीदार’मधील ‘दार’ हेही तिकडचेच. ‘बेदरकारपणे वाहन चालविणे’ या ठरीव प्रयोगातील ‘बे’ हा उपसर्ग फार्सी आहे. शिवकाळात रघुनाथपंत हणमंते यांनी सिद्ध केलेल्या राजव्यवहारकोशाने फार्सी राज्यव्यवहाराच्या शब्दांना संस्कृत पर्याय दिले. १९२५ साली माधव त्र्यंबक पटवर्धन यांनी फार्शी-मराठी कोश प्रसिद्ध केला. १९६० नंतर भाषा संचालनालयाने प्रशासनासाठी आणि न्यायव्यवहारासाठी कोश तयार केले. इतके होऊनही पोलीस ठाण्यातील फिर्याद आणि पंचनामा जागचे हलले नाहीत. लोकांनी ते आपले मानले होते.

परंतु हे शब्द मूळ अर्थ घेऊन आलेले नाहीत. फार्सीत ‘फरियाद’ म्हणजे आरोळी, आक्रोश. मराठीत ती रीतसर तक्रार झाली. फार्सीत ‘गुनाह’ म्हणजे प्रामुख्याने पाप; मराठीत तो कायद्याने शिक्षापात्र असा गुन्हा झाला. ‘जवाब’ म्हणजे उत्तर. आपल्याकडे तो पोलिसांनी नोंदविलेला जबाब झाला. फार्सी भाषक आणि मराठी भाषक यांच्यासमोर जर एकच इंग्रजी शब्दसूची ठेवली, तर ‘जखमी’ या एका शब्दावर दोघांचे एकमत होईल. ‘फिर्यादी’वर मात्र एक आक्रोश करील आणि दुसरा ठाणे अंमलदाराकडे जाईल. शब्दाला शब्द ठेवणाऱ्या पद्धतीची मर्यादा येथे पहिल्यांदा उघडी पडते.

क्रियापदाचा प्रश्न

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. सूचीत नामे असतात, क्रियापदे अभावानेच असतात. अपघात मात्र क्रियापदातून सांगितला जातो.

फार्सीत रस्त्यावरील अपघाताला ‘तसादोफ’ म्हणतात. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ योगायोग. त्याचे क्रियापद ‘तसादोफ कर्दन’, शब्दशः ‘अपघात करणे’. ज्याच्या गाडीला मागून कोणी ठोकले, तोही फार्सीत ‘मी तसादोफ केला’ असेच सांगतो. मराठीत याच्या नेमके उलट आहे. ‘माझा अपघात झाला’ असे आपण म्हणतो. ज्याने भरधाव गाडी चालवून दुसऱ्याला उडविले, तोही ‘माझ्याकडून अपघात झाला’ म्हणून मोकळा होतो. फार्सी रचनेत निरपराध माणूस व्याकरणाने कर्ता बनतो. मराठी रचनेत खरा कर्ता व्याकरणाच्या आड जातो. दोन्ही भाषांतील विद्यार्थी आपापली सवय घेऊन इंग्रजीकडे येतात. मराठी विद्यार्थी ‘माय ॲक्सिडेंट हॅपन्ड’ असे लिहितो, तेव्हा ती केवळ व्याकरणाची चूक नसते. आपल्या भाषेने घडविलेला घटनेकडे पाहण्याचा एक कल त्यात असतो. शिक्षकाने त्या वाक्याखाली तांबडी रेघ मारली आणि ‘आय हॅड ॲन ॲक्सिडेंट’ असे सुधारून दिले, तरी कोणी कोणाला काय केले हे अज्ञातच राहते.

‘बाय ॲक्सिडेंट’ आणि ‘इन ॲन ॲक्सिडेंट’ या दोन प्रयोगांतील भेदही असाच. पहिल्याचा अर्थ चुकून, योगायोगाने. दुसऱ्याचा अर्थ अपघातात. मराठीत ‘तो अपघाताने राजकारणात आला’ आणि ‘तो अपघातात दगावला’ अशी दोन्ही वाक्ये आपण सहज बोलतो. फार्सीत ‘तसादोफ’च्या दोन अर्थांमुळे हाच घोटाळा संभवतो. म्हणजे इंग्रजी, मराठी आणि फार्सी या तिन्ही भाषांनी दैव आणि आघात यांना एका शब्दात बांधले आहे. एवढे साम्य असूनही सूचीत त्याचा उल्लेख नसतो, कारण सूचीला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये यांच्याशी कर्तव्य नसते.

इंग्रजीतील कोलिजन, हेड-ऑन, पाइल-अप, डिरेलमेंट, स्किड, ओव्हरटर्न, रन ओव्हर, हिट अँड रन, नियर मिस या शब्दांना मराठीत जागच्या जागी जोड आहेत: टक्कर, समोरासमोर धडक, एकामागून एक गाड्या आदळणे, रुळांवरून घसरणे, घसरणे, उलटणे, अंगावरून चाक जाणे, धडक देऊन पळून जाणे, थोडक्यात वाचणे. मराठीचे वैशिष्ट्य असे की एकच ‘धडक’ तीन क्रियापदांबरोबर तीन कथा सांगते. ट्रकने दुचाकीला धडक दिली. दुचाकीला ट्रकची धडक बसली. दुचाकी ट्रकवर धडकली. पहिल्यात ट्रक कर्ता आहे, दुसऱ्यात सोसणारा केंद्रस्थानी आहे, तिसऱ्यात दोष दुचाकीकडे सरकला आहे. तिन्ही वाक्यांत चालक कोठेच नाही. ‘भरधाव ट्रकने चिरडले’ हा वृत्तपत्रांचा परिचित प्रयोगही चालकाला आणि ट्रकमालकाला वाक्याबाहेर ठेवतो. विद्यार्थ्याला या तीन मराठी वाक्यांतील भेद दाखवून मग त्यांची इंग्रजी रूपे शिकविली, तर तो क्रियापद शिकतो आणि त्याचबरोबर सावध वाचनही शिकतो.

‘ॲक्सिडेंट’ शब्दावरील आक्षेप

इंग्रजी जगात ‘ॲक्सिडेंट’ या शब्दावर गेली काही दशके आक्षेप घेतला जात आहे. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २००१ साली हा शब्द आपल्या पानांतून वगळण्याची भूमिका घेतली. बहुतेक दुखापती आणि त्यांना कारण होणारे प्रसंग टाळता येण्याजोगे असतात; त्यांना ‘ॲक्सिडेंट’ म्हटल्याने ते दैवाधीन भासतात, असे त्यामागील विवेचन होते. ‘असोसिएटेड प्रेस’च्या लेखनसंहितेने २०१६ मध्ये असे सुचविले की, जेथे हयगयीचा आरोप आहे किंवा ती सिद्ध झाली आहे तेथे ‘ॲक्सिडेंट’ टाळावा आणि ‘क्रॅश’ किंवा ‘कोलिजन’ यांसारखा शब्द वापरावा.

हा आक्षेप महत्त्वाचा आहे आणि रस्त्यावरील वाहनांच्या बाबतीत तो बहुतांशी पटतो. आपल्याकडील फौजदारी कायदाही या प्रसंगांना दैवाधीन मानीत नाही. भारतीय दंड संहितेतील २७९ आणि ३०४-अ या कलमांची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेतील २८१ आणि १०६(१) या कलमांनी घेतली. त्यांच्या केंद्रस्थानी बेदरकारपणा आणि हयगय आहेत. कायदा करणाऱ्याला कर्ता हवा असतो.

मात्र हा आक्षेप जसाच्या तसा वर्गात आणणे योग्य होणार नाही. प्रस्तुत लेखकाचा मुख्य मतभेद येथे आहे. कामगाराच्या नुकसानभरपाईचा कायदा दुसऱ्याच तत्त्वावर उभा आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यात मालकाचे दायित्व ज्या शब्दांवर अवलंबून होते, त्यांचा आशय असा की कामगाराला ‘ॲक्सिडेंट’मुळे शारीरिक इजा झाली पाहिजे आणि तो ‘ॲक्सिडेंट’ नोकरीतून व नोकरीच्या ओघात उद्भवलेला असला पाहिजे. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यातील ‘एम्प्लॉयमेंट इंजुरी’च्या व्याख्येतही हाच शब्द होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे कायदे सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाले. या सर्व व्यवस्थेत ‘ॲक्सिडेंट’ म्हणजे कोणाचाही दोष नसलेली गोष्ट, असा अर्थ नाही. सोसणाऱ्याच्या दृष्टीने अनपेक्षित अशी गोष्ट, असा आहे. या शब्दामुळेच मालकाची चूक सिद्ध करण्याच्या ओझ्यातून कामगार सुटतो. पॉवर प्रेसवर बोटे गमावलेल्या माणसाला आपण शिकविले की ‘ॲक्सिडेंट’ हा बेजबाबदार शब्द आहे, तो लिहू नकोस, तर ज्या शब्दावर त्याचा हक्क उभा आहे तोच आपण काढून घेऊ.

म्हणजे एकच शब्द रस्त्यावर कर्त्याला लपवितो आणि कारखान्यात सोसणाऱ्याला आधार देतो. सूचीतील ‘ॲक्सिडेंट म्हणजे अपघात’ या ओळीत यांतील काहीच मावत नाही.

गार्ड कोणी काढला?

आता एक नमुना घेऊ. तो लेखकाने विवेचनासाठी रचला आहे. वर्कशॉपमध्ये प्रेस चालविताना एका कामगाराचे बोट जाते. ‘बोट गेले’ हाच तेथील शब्द आहे. कोणी नेले हे त्यात नाही. सहकारी सांगतो, ‘गार्ड काढलेला होता.’ हे वाक्य मराठीत पूर्णपणे शुद्ध आहे आणि कर्त्याविषयी पूर्णपणे मौन पाळणारे आहे. गार्ड कोणी काढला? त्या कामगाराने, आधीच्या पाळीतल्या माणसाने, की उत्पादन वाढावे म्हणून कोणाच्या सांगण्यावरून? इंग्रजी अहवाल भरणाऱ्याला मात्र कर्ता लिहिण्याचा मोह होतो आणि कागदावर ‘ही हॅड रिमूव्हड द गार्ड’ असे उतरते. ‘द गार्ड हॅड बीन रिमूव्हड’ हे खरे भाषांतर होते.

हा फरक व्याकरणाच्या तासापुरता नाही. १९२३ च्या कायद्यात मालकाचे दायित्व संपुष्टात आणणारे जे अपवाद होते, त्यांत नशेत असणे, सुरक्षिततेच्या आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा करणे आणि सुरक्षासाधन हेतुपुरस्सर काढणे किंवा त्याची उपेक्षा करणे यांचा समावेश होता. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असल्यास मात्र हे अपवाद लागू होत नसत. बोट जाणे हे कायमचे परंतु आंशिक अपंगत्व आहे. म्हणजे एका कर्मणी रचनेचे कर्तरी भाषांतर झाल्याने नेमका तो कामगार अपवादाच्या कक्षेत ढकलला जाऊ शकतो. आणि खाली सही त्याचीच असते, कारण अहवाल इंग्रजीत आहे व तो त्याने वाचलेला नाही.

कर्मणी प्रयोग नेहमीच पळवाट असतो, असे लेखनकलेच्या पाठ्यपुस्तकांतून सांगितले जाते. येथे तो प्रामाणिकपणाचा प्रयोग आहे. जे ठाऊक नाही ते न लिहिणे हीही अचूकताच. याच न्यायाने कामगाराने स्वतः गार्ड काढला असेल, तर तो दडविण्यासाठी कर्मणी प्रयोग शिकविणे हे अध्यापन नव्हे. शिक्षकाचे काम जे घडले त्याचे नेमके वाक्य करावयास शिकविणे एवढेच आहे.

कारखान्याच्या संदर्भातील आणखी एक शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९७६ साली ८८-अ हे कलम घालण्यात आले. त्यातील ‘डेंजरस ऑकरन्स’ ही कल्पना कोणाला इजा झाली नाही तरी कळवावयाच्या धोकादायक घटनांसाठी होती. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनेही ती ठेवली आहे. मराठीत अशा वेळी आपण ‘थोडक्यात निभावले’ म्हणतो आणि कामाला लागतो. ‘नियर मिस’ हा शब्द शिकविताना त्यामागे कळविण्याचे कर्तव्य आहे, हेही शिकविले पाहिजे.

लोकलगाडी आणि ‘पडणे’

ठाणे-कल्याण पट्ट्यातील तिसरा प्रकार लोकलगाडीचा. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या गाड्यांतून प्रवासी खाली पडले आणि त्यांतील काही मृत्युमुखी पडले. ‘पडणे’ हे अकर्मक क्रियापद आहे. ‘तोल जाऊन पडला’ असे म्हटले की तोल त्याचा आणि दोषही त्याचाच होतो. ‘गर्दीच्या रेट्याने बाहेर फेकला गेला’ असे म्हटले की गर्दी आणि गाड्यांची संख्या यांचा प्रश्न वाक्यात येतो.

१९८९ च्या रेल्वे अधिनियमात या ठिकाणी दोन वेगळ्या संज्ञा आहेत. गाड्यांची टक्कर, गाडी रुळांवरून घसरणे किंवा गाडीला होणारा अन्य अपघात म्हणजे ‘ॲक्सिडेंट’. प्रवासी गाडीतून अपघाताने खाली पडणे हे मात्र ‘अन्टोवर्ड इन्सिडन्ट’ या संज्ञेत येते. १९९४ च्या दुरुस्तीने आलेल्या १२४-अ या कलमानुसार अशा प्रसंगी रेल्वेची चूक नसली तरी भरपाई देय होते. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा यांसारखे अपवाद मात्र आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या एका निर्णयात स्पष्ट केले की, गाडीत चढताना वा उतरताना झालेला निष्काळजीपणा म्हणजे स्वतः करून घेतलेली इजा नव्हे. तिच्यासाठी तसा हेतू असावा लागतो. कोणत्याही शब्दसूचीत ‘अन्टोवर्ड इन्सिडन्ट’ सापडणार नाही. दिवा-मुंब्रा मार्गावर रोज प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्याला ‘पाइल-अप’पेक्षा त्याची गरज अधिक आहे.

समारोप

वरील विवेचनातून अध्यापनासाठी पुढील गोष्टी निष्पन्न होतात. एक, अपघाताचा शब्दसंग्रह नामांच्या सूचीने न शिकविता क्रियापदे आणि त्यांचे कर्ते-कर्म यांच्या आधारे शिकवावा. दोन, काय आदळले, कोणामुळे, कोणाला काय झाले आणि यांतील काय प्रत्यक्ष पाहिले व काय केवळ ऐकले, या चार प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याने आधी मराठीत आणि नंतर इंग्रजीत लिहावीत. तीन, विद्यार्थ्याच्या स्वभाषेतील रचना चूक म्हणून बाजूस न सारता तुलनेसाठी घ्यावी. फार्सी भाषकाचे ‘मी तसादोफ केला’ आणि मराठी भाषकाचे ‘माझा अपघात झाला’ ही दोन वाक्ये शेजारी ठेवली तरी वर्गाला पुष्कळ काही कळते. चार, ‘ॲक्सिडेंट’ हा शब्द बाद न ठरविता तो कोणत्या कागदावर काय काम करतो, हे सांगावे.

विषयवार सूचींचे पूर्ण खंडन करण्याचा येथे हेतू नाही. नवख्याला पहिल्या आठवड्यात त्यांचा उपयोग होतो. परंतु पदवीच्या वर्गात आपण त्यांच्यापुढे गेलो नाही, तर घरी येणाऱ्या इंग्रजी अहवालाच्या रकान्यात काय लिहिले आहे हे आपल्या विद्यार्थ्याला वाचता येईल, पण कळणार नाही. सही करण्यापूर्वी ‘गार्ड कोणी काढला असे यात लिहिले आहे?’ एवढा एक प्रश्न त्याला विचारता आला, तर इंग्रजीच्या तासाचे चीज झाले असे म्हणता येईल.